झोप आणि व्यसनावर रिसर्च करणाऱ्या लॅबमध्ये नव्याने जाताय? मग हे वाचून जा

दरवर्षी जुलै-ऑगस्ट आला की महाराष्ट्रातून बरीच पोरंपोरी बायोटेक, फार्मसी, सायकॉलॉजी नाहीतर एमबीबीएस करून अमेरिकेत न्यूरोसायन्सच्या लॅबमध्ये येतात, कुणी पीएचडीला, कुणी रिसर्च असिस्टंट म्हणून, कुणी पोस्टडॉकला. त्यातले काही जण झोप आणि व्यसन अशा दोन्हीवर काम करणाऱ्या लॅबमध्ये येऊन पडतात आणि मग मेसेज येतो, "दादा, पहिल्या महिन्यात नक्की काय करायचं असतं?" प्रत्येकाला तेच तेच टाईप करून कंटाळा आला म्हणून एकदाच लिहून टाकतोय. हे उंदरांवर काम करणाऱ्या लॅबचं आहे, माणसांवरच्या लॅबबद्दल मध्ये थोडंसं येईल.

हे दोन विषय एका छताखाली का?

हे आधी डोक्यात पक्कं बसवा कारण घरचे, मित्र, व्हिसा ऑफिसर, सगळे हेच विचारणार. व्यसनमुक्तीचं काम केलेल्या कुणाशीही बोला, पुण्यात मुक्तांगण १९८६ पासून आहे, तशा ठिकाणी काम केलेला माणूस सांगेल की दारू किंवा गर्द सुटलं की सुरुवातीला जी मोठी तक्रार असते ती म्हणजे रात्री डोळ्याला डोळा लागत नाही. उलट्या, घाम, अंगदुखी हे सगळं एक-दोन आठवड्यांत ओसरतं पण झोपेची घडी काही महिनोन्महिने बसत नाही, आणि ज्याची झोप बसली नाही तो परत वळण्याची शक्यता जास्त. म्हणजे झोप हा व्यसनाचा साइड इफेक्ट आहे की परत वळायला लावणाऱ्या कारणांपैकी एक, हा आपल्या लॅबचा धंदा.

दुसरा धागा ऑरेक्सिन या मेंदूतल्या रसायनाचा, त्यालाच हायपोक्रेटिन पण म्हणतात कारण १९९८ साली दोन वेगवेगळ्या गटांनी तो स्वतंत्रपणे शोधला आणि आपापलं नाव दिलं. हायपोथॅलॅमसमधल्या थोड्याशा न्यूरॉन्समध्येच हा बनतो, माणसात साधारण ७० हजार, म्हणजे मेंदूच्या हिशेबात काहीच नाही. हे न्यूरॉन्स गेले की नार्कोलेप्सी होते, माणूस बोलता बोलता झोपतो, हसला की पाय गळतात. आता गंमत बघा, लॉस एंजेलिसला जेरोम सिगल यांचा गट नार्कोलेप्सीसाठी मृत माणसांचे मेंदू मोजत होता, त्यात नॉर्मल म्हणून आलेल्या एका मेंदूत हे न्यूरॉन्स भलतेच जास्त निघाले, चौकशी केली तर तो माणूस हेरॉइन घेणारा होता. मग असे आणखी मेंदू बघितले आणि २०१८ मध्ये पेपर आला की हेरॉइन घेणाऱ्यांत हे न्यूरॉन्स सरासरी ५४ टक्के जास्त दिसतात. म्हणजे जे न्यूरॉन्स जागं ठेवतात त्यांचाच व्यसनाशी संबंध. ऑरेक्सिन अडवणारं झोपेचं पहिलं औषध सुवोरेक्संट अमेरिकेत २०१४ ला मंजूर झालं, आणि ते व्यसन सोडणाऱ्यांना उपयोगी पडेल का हे आता बऱ्याच ठिकाणी तपासतात. एवढं माहीत असलं तरी पहिल्या लॅब मीटिंगमध्ये निम्मं कळेल.

येण्याआधीचं

पेपरांचा ढीग वाचू नका, कुणी वाचत नाही आणि वाचला तरी राहत नाही. दोनच गोष्टी नीट समजून घ्या. एक, बोर्बेली यांचं १९८२ चं दोन प्रोसेसचं मॉडेल, म्हणजे जागे राहू तसं झोपेचं प्रेशर साठत जातं आणि त्याच्यावर शरीराचं २४ तासांचं घड्याळ वेगळं चालतं, या दोघांच्या खेचाखेचीतून झोप ठरते. दुसरं म्हणजे डोपामिनचा मेंदूतल्या व्हीटीए नावाच्या जागेपासून न्यूक्लियस अ‍ॅकम्बेन्सपर्यंतचा रस्ता, कुठलंही बरं पाठ्यपुस्तक चालेल. बाकी तुमच्या पीआयचे, म्हणजे लॅबप्रमुखाचे, शेवटचे तीन-चार पेपर वाचा, त्यातला मेथड्सचा भाग जास्त मन लावून वाचा, रिझल्ट्स कमी. कारण पहिले सहा महिने तुम्ही त्या मेथड्समध्येच राहणार आहात.

कागदपत्रं लवकर सुरू करा. प्राण्यांवर काम करायला सिटी (CITI) नावाचं ऑनलाइन ट्रेनिंग, युनिव्हर्सिटीच्या प्राणी समितीची परवानगी, तिला सगळे आयकक म्हणतात, आणि ऑक्युपेशनल हेल्थचा मेडिकल फॉर्म, धनुर्वाताचं इंजेक्शन कधी घेतलं वगैरे. तुमचं नाव प्रोटोकॉलवर, म्हणजे प्रयोगाच्या मंजूर आराखड्यावर, चढेपर्यंत उंदराला हात लावायचा नाही, नुसतं बघायला पण काही ठिकाणी परवानगी लागते. भारतात ज्यांनी केलंय त्यांना हे नवीन नाही, आपल्याकडे सीपीसीएसईए म्हणजे आताची सीसीएसईए आणि कॉलेजची एथिक्स कमिटी असते तसंच, फक्त इथे तपासणीला येणारी माणसं न सांगता पण येतात. फॉर्ममध्ये अ‍ॅलर्जी, दमा लपवू नका. उंदरांची अ‍ॅलर्जी या धंद्यात खूप कॉमन आहे आणि ती आधी नसली तरी काम करता करता होते, नाक गळायला लागलं, हातावर गांधी उठल्या की लगेच सांगा, चांगला मास्क मिळतो, डबल ग्लोव्ह्ज घालता येतात. दोन वर्षं दाबून ठेवलं तर मग दम्यावर जातं.

पहिला आठवडा माणसांचा

पीआयला नावाने हाक मारायची, "सर" "मॅडम" नाही. आपल्याला पहिले पंधरा दिवस जीभ रेटत नाही, ते चालतं, पण ईमेलमध्ये "रिस्पेक्टेड सर" लिहू नका, ते फार ऑकवर्ड होतात. पीआय ग्रँटमध्ये बुडालेले असतात, व्यसनाच्या कामाला पैसा मुख्यतः निडाकडून, म्हणजे व्यसनावरच्या संशोधनाच्या सरकारी संस्थेकडून, येतो आणि त्याच्या डेडलाइन आल्या की पीआय दिसतच नाहीत. त्यामुळे रोजचा तुमचा माणूस म्हणजे लॅब मॅनेजर. कुठला उंदीर कुठे आहे, कुठली किल्ली कुणाकडे, कुठला अ‍ॅम्प्लिफायर मारल्याशिवाय चालत नाही, हे सगळं त्याच्या नाहीतर तिच्या डोक्यात असतं. तिच्याशी बिघडवलंत तर पीएचडी सात वर्षांची होते, हे मी हसत लिहितोय पण खोटं नाही.

आणि एक गोष्ट नवीन पोरं हमखास विसरतात, प्राण्यांच्या खोल्या सांभाळणारे कर्मचारी. ते रोज सकाळी प्रत्येक पिंजरा बघतात, तुम्ही बघत नाही. कुठला उंदीर अंग चोरून बसलाय, कुणाच्या डोक्यावरचं सर्जरीत लावलेलं सिमेंट हललंय हे त्यांना तुमच्या आधी कळतं. त्यांची नावं पाठ करा, गुड मॉर्निंग म्हणा, आणि पिंजरे बदलायचा वार त्यांच्याकडूनच विचारून घ्या, तो वार का महत्त्वाचा ते खाली येतंच.

घड्याळ नव्याने शिका

या लॅबमध्ये कुणी "सकाळी दहाला" म्हणत नाही, "झेडटी तीनला" म्हणतात. झेडटी शून्य म्हणजे उंदरांच्या खोलीतला दिवा लागतो ती वेळ, झेडटी बारा म्हणजे दिवा विझतो ती. उंदीर निशाचर, त्यामुळे दिवा चालू असताना तो जास्त झोपतो आणि अंधारात जास्त जागा असतो. आता इथे लॅबमधलं जुनं भांडण आहे, झोपवाल्यांना दिवा चालू असतानाचा वेळ हवा असतो कारण तेव्हा झोप भरपूर मिळते, आणि व्यसनवाल्यांना अंधारातला, कारण उंदीर तेव्हाच औषधासाठी लिव्हर (दांडा) दाबायच्या मूडमध्ये असतो. म्हणून काही खोल्या उलट्या सायकलवर असतात, बाहेर दुपार, आत रात्र. दारावर काय लिहिलंय ते वाचल्याशिवाय आत जायचं नाही, आणि उलट्या खोलीत पांढरा दिवा चुकून सुद्धा लावायचा नाही, मोबाइलचा टॉर्च पण नाही, स्क्रीन पण नाही. मंद लाल दिवा चालतो कारण उंदराला लाल रंग फार कमी दिसतो, पण अगदीच दिसत नाही असं नाही, तेव्हा तो पण मंदच. अंधाराच्या वेळी दोन मिनिटांचा उजेड पडला तरी त्या उंदराचं घड्याळ सरकतं आणि पुढचे कित्येक दिवस डेटा वाकडा.

भारतातून येणाऱ्याला न सुचणारी एक गोष्ट म्हणजे इथे मार्चमध्ये घड्याळं तासभर पुढे जातात आणि नोव्हेंबरमध्ये मागे. उंदरांच्या खोलीतला टायमर मात्र बऱ्याच ठिकाणी तसाच ठेवतात, नाहीतर सगळ्या उंदरांना तासाचा जेटलॅग. म्हणजे हिवाळ्यात सकाळी ७ ला लागणारा दिवा उन्हाळ्यात तुमच्या फोनवर ८ वाजता लागतो. त्यात रेकॉर्डिंगचा कॉम्प्युटर स्वतःहून वेळ बदलतो, मग एका फाइलमध्ये एक तास गायब नाहीतर एक तास डबल. तो ऑटोमॅटिक अपडेट बंद आहे ना हे मार्च आणि नोव्हेंबरच्या आधी स्वतः बघा, आणि प्रत्येक नोंदीत झेडटी पण लिहा आणि भिंतीवरच्या घड्याळाची वेळ पण.

खोलीत शिरताना

नवीन माणसाला वाटतं काम म्हणजे काहीतरी करणं. इथे निम्मं काम म्हणजे उंदराला त्याच्या मनाने झोपू देणं आणि आपण गप बसणं. परफ्यूम, डिओ, वासाचं तेल, उदबत्तीचा वास लागलेला स्वेटर, काही नको. उंदीर वासावर जगतो. २०१४ चा एक गाजलेला पेपर आहे की नुसता पुरुष माणूस किंवा त्याचा टी-शर्ट खोलीत असला तरी उंदरांचा स्ट्रेस वाढतो, म्हणून एक प्रयोग शक्यतो एकाच माणसाने सुरू करून संपवायचा, मध्ये ड्युटी बदलायची नाही, बदलली तर वहीत लिहायचं. आवाजाचं पण तसंच, आपल्याला ऐकू न येणारे वरच्या पट्टीतले आवाज उंदराला ऐकू येतात, खराब झालेला पंखा, कॉम्प्युटरची शिट्टी, ट्रॉलीचं चाक.

पिंजरा बदलला की उंदीर नव्या भुश्यात घरटं करत, वास घेत तासन्‌तास जागा राहतो. म्हणून पिंजरे बदलायच्या वारी बेसलाइन (औषधाआधीच्या नेहमीच्या झोपेचं) रेकॉर्डिंग ठेवायचं नाही, आणि ठेवावंच लागलं तर दाराला ठळक कागद लावायचा.

उंदीर शेपटीने उचलू नका, बऱ्याच कॉलेजांत तसंच शिकवतात. प्लॅस्टिकच्या नळीत शिरू द्यायचा आणि नळी उचलायची, किंवा ओंजळीत घ्यायचा. शेपटीने उचललेले उंदीर माणसाला घाबरत राहतात हे २०१० पासून नीट दाखवलेलं आहे. पहिल्या आठवड्यात रोज काही मिनिटं नुसता हातावर घेऊन बसा, बाकी काही करू नका, हेच ट्रेनिंग.

सर्जरी

घाई करू नका. आधी बघा, मग मेलेल्या उंदरावर हात बसवा, मग कुणीतरी बाजूला असताना जिवंतावर. आयसोफ्लुरेनने भूल, खाली ३७ अंशाचं हीटिंग पॅड, डोळ्यांना मलम, कवटी उघडी केली की ब्रेग्मा आणि लॅम्डा हे दोन बिंदू एका पातळीत आणायचे, इथे कंटाळा केला तर पुढचं सगळं वाया. ईईजीसाठी, म्हणजे मेंदूच्या लहरी टिपायला, कवटीत बारीक स्क्रू बसवतात, ईएमजीसाठी, म्हणजे स्नायूंची हालचाल टिपायला, मानेच्या स्नायूत दोन तारा, आणि वरून डेंटल सिमेंट. सिमेंट पूर्ण सुकायच्या आत हात लावायचा मोह होतो, लावू नका. स्क्रू फिरवताना किती आटे फिरवायचे ते शिकवणाऱ्याकडून मोजून घ्या, जास्त आत गेला तर मेंदूला इजा, कमी गेला तर आठवड्याने टोपी हातात.

आपल्या लॅबमधला खास लोचा वेदनाशामकाचा. उंदरांना सर्जरीनंतर बरेचदा बुप्रेनॉर्फिन देतात, पण ते स्वतः ओपिऑइड (मॉर्फिन-हेरॉइनच्या जातीचं औषध), म्हणजे ज्या सिस्टमचा अभ्यास करायचाय तिच्यावरच हात, शिवाय ते झोप पण बिघडवतं. म्हणून ओपिऑइडवरच्या प्रयोगांत मेलॉक्सिकॅम किंवा कार्प्रोफेन आणि जखमेच्या जागी बधिर करायचं औषध असा मार्ग बरेच जण घेतात. पण हे तुम्ही ठरवायचं नाही, पशुवैद्यकाने मान्य केलेल्या प्रोटोकॉलमध्ये जे लिहिलंय तेच, आणि उंदीर दुखण्यात दिसला तर डेटाची काळजी न करता लगेच पशुवैद्यकाला फोन. मग आठवडा-दहा दिवस बरं व्हायला, त्यानंतर केबल लावून आणखी काही दिवस सवय व्हायला. पहिल्या दिवशीची झोप मोजायचीच नाही, नव्या जागी आपल्याला तरी कुठे झोप लागते.

स्कोअरिंग, म्हणजे खरं शिक्षण

झोप स्कोअर करणं म्हणजे रेकॉर्डिंगचे छोटे छोटे तुकडे पाडायचे आणि प्रत्येकाला जाग, नॉन-रेम (संथ लाटांची झोप) किंवा रेम (स्वप्नांची झोप) असं नाव द्यायचं. माणसात तुकडा ३० सेकंदांचा असतो, कारण जुन्या काळी कागदाचं एक पान ३० सेमीचं आणि कागद सेकंदाला १० मिमी सरकायचा, पान संपलं की एक तुकडा, तीच सवय आजपर्यंत राहिली. उंदरात झोप फार तुटक असते, म्हणून ४ सेकंद, रॅटमध्ये, म्हणजे मोठ्या जातीच्या उंदरात, बरेच जण १० घेतात. आता २४ तासांचे ४-४ सेकंदांचे तुकडे म्हणजे एका उंदराचे २१,६०० तुकडे. हो, हाताने.

स्क्रीनवर काय दिसतं ते सांगतो. जागेपणी ईईजी बारीक, वेडावाकडा, भराभर, आणि खाली ईएमजीचा पट्टा जाडजूड. नॉन-रेममध्ये ईईजीच्या उंच उंच संथ लाटा, सेकंदाला चारपेक्षा कमी, आणि ईएमजी बारीक. मग त्या मोठ्या लाटा हळूहळू उतरतात आणि एकदम कंगव्याच्या दातांसारखी एकसारखी लय सुरू होते, सेकंदाला सहा ते नऊ, तो थीटा, ईएमजी अगदी सरळ रेघ, मध्येच एखादा झटका, हा रेम. उंदराचं रेम बऱ्याचदा मिनिटभरच टिकतं आणि मग तो जागा होतो. १९५३ मध्ये असेरिन्स्की आणि क्लाइटमन यांनी माणसात रेम पहिल्यांदा नीट मांडलं तेव्हा बंद पापणीआड हलणाऱ्या डोळ्यांवरून, आपण मात्र उंदराचे डोळे बघत बसत नाही, थीटा आणि मान यावर काम चालतं.

फसायच्या जागा अशा. उंदीर पिंजऱ्यात फिरत असताना पण छान थीटा येतो, तेव्हा फरक फक्त ईएमजी सांगतो, आणि ईएमजीची तार ढिली असेल तर तो पण नाही, म्हणून शंका आली की व्हिडिओ उघडा. अंग चाटताना, खाताना लयीत हलतो त्याच्या लाटा संथ झोपेसारख्या दिसू शकतात. जागेपणातून थेट रेम दिसलं तर थांबा, नॉर्मल उंदीर नॉन-रेममधून रेममध्ये जातो, थेट उडी म्हणजे बहुतेक तुमचं चुकलंय, किंवा तो ऑरेक्सिन नसलेला उंदीर आहे आणि मग तीच तर बातमी. सगळ्या रेकॉर्डिंगवर एकसारखी बारीक कंपनं दिसली तर ती विजेच्या लाइनची, इथे ६० हर्ट्झ, भारतातून सेटिंग कॉपी करून आणलं असेल तर ५० चा फिल्टर इथे कामाचा नाही.

"पण आता ऑटोमॅटिक स्कोअरिंग आहे ना?" हा प्रश्न प्रत्येक नवा माणूस पहिल्या दोन दिवसांत विचारतो. आहे, आणि चांगलं आहे, साध्या उंदरावर. पण आपल्याकडे उंदराला मॉर्फिन दिलेलं असतं. मॉर्फिनवर रॅटच्या ईईजीत उंच संथ लाटा येतात, बघणाऱ्याला वाटेल गाढ झोप, आणि व्हिडिओत तो डोळे उघडे ठेवून थिजल्यासारखा बसलेला. सॉफ्टवेअर बिनधास्त नॉन-रेम लिहून मोकळं होतं. ज्याने स्वतः हाताने भरपूर तास स्कोअर केलंय त्यालाच हे खटकतं, बाकीच्यांचा ग्राफ सुंदर येतो आणि चुकीचा येतो. म्हणून आधी हाताने शिका, जुन्या माणसाने स्कोअर केलेली फाइल घ्या, त्याची उत्तरं न बघता करा, मग जुळवा. जिथे जुळत नाही तिथे दोघांनी बसून भांडा, त्या भांडणात जे शिकाल ते कुठल्या कोर्समध्ये नाही. आणि कुठल्या उंदराला औषध दिलंय, कुठल्याला सलाइन, हे स्कोअर करणाऱ्याला माहीत नसलं पाहिजे, फाइलचं नाव दुसऱ्या कुणाकडून बदलून घ्या.

व्यसनाच्या बाजूचं काम

मुख्य प्रयोग सेल्फ-अ‍ॅडमिनिस्ट्रेशनचा. म्हणजे प्राणी स्वतःच औषध घेतो. रॅटच्या गळ्याजवळच्या शिरेत बारीक नळी बसवतात, ती कातडीखालून पाठीवर बाहेर काढतात. डब्यात दोन लिव्हर, एक दाबला की पंप चालू होऊन औषधाचा छोटा डोस आणि वर एक दिवा, दुसरा दाबला तर काहीच नाही. दुसरा लिव्हर मुद्दाम ठेवतात, कारण रॅट नुसता चळवळा झाला तर दोन्ही दाबेल, औषधासाठी दाबत असेल तर एकच. मग प्रत्येक डोससाठी दाबण्याचा आकडा वाढवत न्यायचा आणि कुठल्या आकड्याला तो सोडून देतो ते बघायचं, म्हणजे किती ओढ आहे ते कळतं. पुढे औषध बंद, आणि काही आठवड्यांनी नुसता तो दिवा दाखवला की परत दाबतो का. यात विचित्र गोष्ट अशी की सुटल्यावर पहिल्या दिवसापेक्षा काही आठवड्यांनी ओढ जास्त असते, २००१ पासून हे माहीत आहे. आणि २०१५ मध्ये पिट्सबर्गच्या गटाने दाखवलं की कोकेन सोडलेल्या रॅटची रेम झोप सुधारली तर ही वाढणारी ओढ कमी होते, झोप तुकडे तुकडे केली तर उलटं. आपल्या कामाचा अर्थ विचाराल तर तो या एका प्रयोगात आहे.

रोजचं काम मात्र नळीचं. दररोज हेपरिन (रक्त गोठू न देणारं औषध) घातलेल्या सलाइनने ती धुवायची, सुट्टी नाही, थँक्सगिव्हिंगला पण नाही, दिवाळीला तर इथे सुट्टी नसतेच. नळी बंद पडली आणि लक्षात आलं नाही तर तुम्हाला वाटेल रॅटने व्यसन सोडलं. शंका आली तर नळीतून झटपट उतरणारी भूल देऊन बघतात, काही सेकंदांत अंग ढिलं पडलं तर नळी चालू.

औषधांचा हिशेब फार कडक. भारतात एनडीपीएस कायदा १९८५ चा, इथे अमली पदार्थांवर लक्ष ठेवणारी सरकारी यंत्रणा डीईए. हेरॉइन सगळ्यात कडक यादीत म्हणजे शेड्यूल एकमध्ये, कोकेन, मॉर्फिन, फेंटॅनिल दोनमध्ये. कुलपातलं कपाट, वही, किती काढलं, किती वापरलं, किती उरलं, सही. मिलिग्रॅमचा फरक आला तरी त्याच दिवशी सांगा, उद्या नाही. सांडलं तर पुसून गप बसायचं नाही, सांडलं असं लिहायचं आणि साक्षीदाराची सही घ्यायची. फेंटॅनिलची पावडर वजन करायची असेल तर हवा ओढून घेणाऱ्या हूडमध्ये, एकट्याने नाही, आणि ओपिऑइडचा अतिडोस उतरवणारा नॅलोक्सोनचा स्प्रे कुठे ठेवलाय ते आधी बघून.

बोलताना "अ‍ॅडिक्ट", "जंकी" हे शब्द टाळा. सबस्टन्स यूज डिसऑर्डर असलेली व्यक्ती म्हणतात, लांबलचक आहे पण लॅबमध्ये कुणाच्या घरात हे घडलेलं असू शकतं, आणि बहुतेक लॅबमध्ये असतंच. माणसांवर काम करणाऱ्या लॅबमध्ये गेलात तर हे आणखी दहापट, डोक्याला इलेक्ट्रोड लावताना माणूस त्याची सगळी कहाणी सांगतो, ती खोलीबाहेर न्यायची नाही, लंच टेबलवर तर अजिबात नाही.

जागं ठेवायची ड्युटी

झोपेचं प्रेशर तपासायला उंदराला सहसा झेडटी शून्यपासून सहा तास जागं ठेवतात. यासाठी कुणीतरी शेजारी बसतं, उंदराचे डोळे मिटायला लागले की पिंजऱ्यावर टिचकी, भुसा थोडा हलवायचा, नवं कागदाचं घरटं टाकायचं, अगदीच नाही तर मऊ ब्रशने हलका स्पर्श. घाबरवायचं नाही, नाहीतर तुम्ही झोप नाही, स्ट्रेस मोजताय. पहिल्या दोन तासांत काम नसतं, शेवटच्या दोन तासांत मान वर करायला वेळ नाही. दोघांच्या पाळ्या लावा, आणि ब्रश एकच ठेवा.

तुमची स्वतःची झोप हा इथला जुना विनोद आहे, झोपेवर काम करणारे सगळ्यात कमी झोपतात. रात्रीचं रेकॉर्डिंग करून सकाळी गाडी चालवत घरी जाऊ नका, राइड घ्या, खर्च लॅबकडे मागायला लाजू नका. कॉफी अ‍ॅडिनोसिनचे रिसेप्टर, म्हणजे झोपेचं प्रेशर मेंदूला कळवणाऱ्या जागा, फक्त अडवते, साठलेलं प्रेशर तसंच राहतं, हे आपल्याच लॅबच्या स्लाइडवर लिहिलेलं असतं आणि स्लाइड दाखवणाऱ्याच्या हातात तिसरा कप असतो.

वही

तारीख, झेडटी, उंदराचा नंबर, नर की मादी, वजन, डोस, कोण खोलीत होतं, काय विचित्र घडलं. नर-मादी हे हवंच, एनआयएच (अमेरिकेची सरकारी वैद्यकीय संशोधन संस्था) २०१६ पासून दोन्हींचा विचार मागतं. फायर अलार्म वाजला, कुणी ट्रॉली आपटली, तेही लिहा. "आठवेल मला" असं वाटतं, नाही आठवत. फाइलच्या नावात "फायनल", "फायनल दोन", "खरं फायनल" असलं काही नको. थोडं पायथॉन किंवा मॅटलॅब शिका, फार नाही, फाइल उघडून ग्राफ काढता आला तरी पुरे, बाकी गरजेने येतं.

जीव जातो त्याबद्दल

प्रयोग संपला की मेंदू काढावा लागतो. खोल भूल देऊन हृदयातून आधी सलाइन आणि मग फॉर्मल्डिहाइड सोडतात, यकृताचा रंग लाल-तपकिरीवरून फिकट होत जातो त्यावरून कळतं की नीट चाललंय. पहिल्यांदा बघताना जड जातं. ज्या उंदराला महिनाभर रोज हातावर घेतलं, ज्याची झोप तुम्ही चार चार सेकंदांनी वाचलीत, तोच असतो. ज्यांच्या घरी अंडं पण चालत नाही अशी मुलं इथे येतात आणि घरी फोनवर "तू उंदीर मारतोस का गं/रे" असा प्रश्न येतो. काय उत्तर द्यायचं ते ज्याचं त्याने बघावं, पण गप्प बसून कुढू नका. त्या दिवशी दुसरं काम ठेवू नका, जुन्या माणसाला सांगा की आज मला कठीण गेलं, कुणी हसत नाही. आणि कुणी हसलंच तर त्याच्यापासून लांब राहा, सर्जरी पण त्याच्याकडून शिकू नका. कुणाला हे जमतच नाही, त्यात कमीपणा नाही, माणसांवरचं काम आहे, नुसतं डेटावरचं काम आहे, लवकर बोललात तर पीआय वाट काढून देतात.

पहिला स्वतःचा प्रश्न

सहा-आठ महिन्यांनी पीआय विचारतील, तुझा प्रोजेक्ट काय? तेव्हा ऑप्टोजेनेटिक्स, फोटोमेट्री अशी मेंदूवर प्रकाश वापरणारी तंत्रं सगळी एकत्र करून मेंदू उलगडायचा प्लॅन मांडू नका. लॅबच्या सर्व्हरवर जुनी रेकॉर्डिंग्ज पडलेली असतात, बेसलाइनची, सलाइनची, कुणीतरी डिग्री घेऊन गेलं आणि अर्ध्यात राहिलेली. ती मागून घ्या. समजा विथड्रॉवलच्या, म्हणजे औषध बंद केल्यानंतरच्या, दुसऱ्या आठवड्यातलं रेम कुणी बघितलेलंच नाही, किंवा माद्यांचं वेगळं काढलेलं नाही, असं एखादं भोक सापडतं. ते आधी स्वतः स्कोअर करा, एक ग्राफ काढा आणि तो घेऊन मीटिंगला जा. नवा एक उंदीर न वापरता एवढं झालं तर प्रोटोकॉलमध्ये बदल मागणं पण सोपं जातं, आयकक विचारतेच की हे आधीच्या डेटातून का कळत नाही. त्या बदलाला काही आठवडे लागतात, तेव्हा फॉर्म लॅब मॅनेजरकडून तपासून घेऊन लवकर टाका.